संघपालचं अस्वल

नागभीडच्या रेल्वे फाटकापाशी संघपाल निमगडे सायकलीसकट आडवा झाला, तेव्हा सायकल थांबलेली होती. नव्या बुटांचा तळ पेडलात अडकतो आणि टाच बाहेर मुरडल्याशिवाय पाय सुटत नाही, हे दुकानदारानं त्याला दोनदा सांगितलं होतं. फाटक लागलं, त्यानं ब्रेक दाबला, पाय काही सुटेना, आणि चव्वेचाळीस वर्षांचा, ब्याऐंशी किलोचा गडी अगदी सावकाश डावीकडे कलला. फाटकाला दोन ट्रॅक्टर, एक एसटी आणि वीसेक मोटरसायकली उभ्या होत्या, त्यामुळे प्रेक्षकांची काही कमी नव्हती. घरी येऊन त्यानं सांगितलं, "ट्रकनं कट मारला."

बायको रिना त्याच्या कोपराला आयोडीन लावत होती. ती शाळेत शिक्षिका. "अवो," ती म्हणाली, "त्या एसटीत मी बसून होती."

तिच्या लेखी विषय तिथंच संपला. संघपालची थाप मारायची सवय मात्र संपली नाही.

पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करायच्या नागपूरच्या स्पर्धेत त्यानं नाव घातलं ते रागाच्या भरात. आरोग्य खात्याच्या तालुका बैठकीत साहेब म्हणाले होते, "निमगडे, लोकांना वजन कमी करा म्हणून सांगता, तेव्हा लोक तुमच्याकडे बघतात का?" सगळे हसले. संघपाल उठून म्हणाला, "मार्चमध्ये ट्रायथलॉन करतो." तो शब्द त्यानं आदल्या दिवशीच मोबाईलवर पहिल्यांदा वाचला होता.

दिवाळीनंतर तयारी सुरू झाली. संघपालची नोकरी आरोग्य सेवकाची, कोसमटोल्याच्या उपकेंद्रात. नागभीडपासून सोळा किलोमीटर, भवताली जंगल, अडतीस घरं. रोज पहाटे सायकलनं गावात जायचं, तलावात पोहायचं, तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, धावायचं, उपकेंद्रात आंघोळ करून ड्यूटीवर बसायचं, असा त्याचा बेत. पोहायच्या तिसऱ्याच दिवशी शिंगाड्याच्या वेलात हात अडकून त्याचा खांदा निखळता निखळता राहिला. गावाला त्यानं सांगितलं, भोवरा होता. तिथं पाणी कमरेएवढं होतं. गुरं धुणाऱ्या सोमाजीनं एकदा भोवऱ्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरकडे, आणि म्हैस पुढं काढली.

गाव त्याला डॉक्टर म्हणायचं, पण ऐकायचं काहीच नाही. अकरा वर्षं तो घरोघरी सांगत होता, पाणी उकळून प्या. सुकरी नावाची एक बाई होती, दोन लेकरांची आई, तिच्या धाकट्याला दर पावसाळ्यात जुलाब. ती तोंडावरच म्हणायची, "उकळल्या पान्याले धुराचा वास येते, डॉक्टर. लेकरू पेतच नाई." त्यावर संघपालचं ठरलेलं उत्तर असे, "मी रोज पितो. काही वास येत नाही." सुकरी मान हलवायची आणि हंडा विहिरीवरून थेट चुलीपलीकडे नेऊन ठेवायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोहाची फुलं पडायला लागली. सकाळी उजाडता उजाडता बाया टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जायच्या. त्याच एका सकाळी संघपाल पारीवरून धावत होता, आणि त्या दिवशी तो खरोखर चांगला धावत होता. किती चांगला ते बघायला त्यानं मनगटावरच्या घड्याळात डोकं घातलं. पुढं बायनाबाईची कालवड बांधलेली होती, आणि तिचं दावं वाटेवर आडवं ताणलेलं होतं.

पडला तो गुडघ्यावर. दावं तुटलं, कालवड मोकळी होऊन चरायला गेली. तो पाय धरून बसलेला असताना टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया समोरून आल्या. "काय झालं, डॉक्टर?"

दाव्याला अडखळून पडलो, हे पाच शब्दही नाहीत. पण फाटक झालं होतं, भोवरा झाला होता, आणि माणसानं एका हंगामात किती वेळा हसं करून घ्यावं? "अस्वल," तो म्हणाला.

"आंगावर आलं?"

"आलं."

"कुठून?"

त्यानं हात केला. हात नेमका मोहाच्या झाडांकडे गेला.

अस्वलाला मोह आवडतो हे तिथल्या लेकरांनाही ठाऊक असतं. म्हणून बाया घोळक्यानं जातात, आवाज देत जातात. पण भर उजेडात, उघड्यावर माणसाच्या अंगावर येणारं अस्वल म्हणजे गोष्ट वेगळी. दुपारी वनरक्षक येऊन गेला. त्याला पाऊलखुणाही सापडल्या. शोधायला निघालं की सापडतातच. संध्याकाळी कोतवाल हरिदासनं दवंडी दिली: आठ दिवस मोहाले कोनी जाऊ नका, डॉक्टरले अस्वलानं पाडलं.

पाणी उकळा म्हणून अकरा वर्षं घसा कोरडा केला तर एक चूल पेटली नाही. अस्वल म्हटलं एकदाच, आणि आख्खं गाव घरात बसलं! संघपालला आधी याचं हसू आलं. मग आलं नाही.

मोह काही कोणासाठी थांबत नाही. पहाटे पडलेलं फूल उन्हात सुकतं, गुरं खातात, हरणं खातात, उरलेलं आंबतं. सुकरीची तीन झाडं होती आणि तिच्या घरचं वर्षाचं तेल-मीठ त्यावर होतं. चौथ्या दिवशी ती उपकेंद्राच्या दारात उभी राहिली. "अस्वल गेलं का, डॉक्टर?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. संघपालनं गुडघ्याला बर्फ लावायचं काम फार मन लावून चालू ठेवलं.

त्याच दिवशी लंगडत जाताना त्याला बायनाबाईचं अंगण दिसलं. सगळ्या गावाची अंगणं रिकामी, आणि या म्हातारीच्या अंगणात मोह वाळत पसरलेला.

"बायनाबाई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कायची?" म्हातारीनं गोठ्याकडे बोट केलं. आत कालवड निवांत रवंथ करत होती. "अस्वल तं इथी बांधून हाये. मी तलावाच्या पारीपाशीच होती जी, सारं पाहून राह्यली होती."

संघपालला धरणी दुभंगावी असं वाटलं, पण ती दुभंगली नाही. "मग सांगितलं का नाही कोणाला?"

"तुमची इज्जत मी काऊन काढू? तुमची हाये, तुमीच काढा." ती मोह उलटा-पालटा करत म्हणाली. "पन त्या सुकरीचा मोह सडून राह्यला."

आता प्रश्न सरळ होता. खरं बोललं तर संघपालच्या शब्दाला या गावात पुन्हा कवडीची किंमत राहणार नाही. उद्या साथ आली, तर "डॉक्टरचं अस्वल" म्हणून लोक दार लावतील. ही भीती खरी होती. पण न बोलायला हे कारण किती सोयीचं आहे, हेही त्याला कळत होतं. तो हरिदासकडे गेला आणि दवंडी द्यायला सांगितली. हरिदासनं पुरतं ऐकून घेतलं. "हे मी नाई सांगत, भाऊ. तुमीच आपल्या तोंडानं सांगा."

मग अडतीस दारं. प्रत्येक दारात तेच: अस्वल नव्हतं, दावं होतं, मी खोटं बोललो. सोमाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. "मंग भोवरा?" त्यानं विचारलं. भोवराही नव्हता. सुकरी मात्र हसली नाही. "चार दिवस, डॉक्टर," एवढंच म्हणाली आणि आत गेली. संघपालला त्या क्षणी फाटकापाशी हजार वेळा पडलेलं चाललं असतं.

रविवारी नागपूरला स्पर्धा झाली. त्या पहाटे रिनानं त्याला स्कूटीवर बसवून सुकरीच्या झाडांखाली आणून सोडलं. "इथी तरी पडू नका," म्हणाली आणि गेली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून एक पाय लांब करून, बुडावर सरकत सरकत संघपाल मोह वेचू लागला. दूरच्या झाडाखालून बाया ओरडायच्या, "डॉक्टर, मांगं पाहा!" आणि खिदळायच्या. दर तासाला मनगटावरचं घड्याळ थरथरून सांगायचं, तुम्ही बराच वेळ हालचाल केलेली नाही.

ऊन चढलं तशी सुकरी आली. त्याच्या टोपलीत पाहिलं, दोन काटक्या काढून टाकल्या, आणि प्लास्टिकची बाटली पुढं केली.

"उकळलं हाये," ती म्हणाली. "परवापासून उकळून राह्यली. जो मानूस घरोघरी जाऊन आपलीच फजिती सांगते, तो पान्याचं कायले खोटं बोलन, म्हटलं."

संघपालनं घोट घेतला. धूर. घशापर्यंत धूर. त्याच्या नागभीडच्या घरी फिल्टर होता.

"येते का वास?" सुकरीनं विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "फार येतो. मी याआधी कधी प्यालोच नव्हतो."

सुकरीनं कमरेवर हात ठेवले.

"मंग आता प्या," ती म्हणाली. "पुरी."

संघपालनं पुरी बाटली संपवली.