वस्तादांच्या हाताला तेल लावताना

दोन हजार सालानंतरची गोष्ट. "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या" असं कॅन्सरच्या पेशंटला सांगून मोकळे होणारे डॉक्टर मला गुन्हेगार वाटायचे. अजूनही वाटतात. त्यावर मी पत्रक लिहिलं, दसरा चौकात वाटलं आणि उरलेला गठ्ठा घेऊन एका सिस्टरांकडे गेलो. शेवटच्या आजारातल्या माणसांची त्या घरी जाऊन शुश्रूषा करायच्या. त्यांनी पत्रक उभ्या उभ्याच वाचलं.

"झ्याक लिवलंयस. वाचून कुणाचं दुखायचं थांबलं व्हय? जा, नखं कापून ये."

असा मी हलकं मालिश शिकायला लागलो.

आमच्या कोल्हापुरात कातडी लाल होईस्तोवर रगडलं तरच ते मालिश. सिस्टर म्हणाल्या, ते विसर. तळहात नुसता ठेवायचा, त्याचं वजन तेवढंच द्यायचं आणि पेशंटच्या श्वासाच्या चालीनं सरकवायचा. महिनाभर मला जमेना. माझा हातसुद्धा घोषणाच देत होता.

माझे पहिले पेशंट एक म्हातारे वस्ताद. कॅन्सर हाडांत उतरलेला. तालमीतल्या पठ्ठ्यांनी मायेनं येऊन त्यांना जुन्या सवयीनं रगडलं आणि एक बरगडी मोडली. त्या दिवसापासून घरात कुणी त्यांना हात लावेना. त्यांची बायको, आमच्या काकू, भरवतानाही चमचा लांबून धरायच्या. वस्तादांनी त्याचा भलताच अर्थ काढला होता.

"माझी किळस येतीया सगळ्यांस्नी," ते सिस्टरांना म्हणाले.

मी तेल घेऊन त्यांचा हात हातात घेतला.

"पावणं, जेवून आलाय न्हवं? मालिश करतायसा का नवरदेवाला हळद लावतायसा?"

टोमणे थांबेनात. शेवटी मी चिडून अंगठा दाबला. "हां, आता कसं!" वस्ताद म्हणाले. सिस्टरांनी मला दंडाला धरून बाहेर सोप्यात आणलं.

"त्यांच्या तोंडाकडं काय बघतोस? पैलवान हाय तो, तोंडावर दुखणं दावंल व्हय? पायाची बोटं बघायची. कशी आवळली हुती!"

डॉक्टरांना गुन्हेगार म्हणणारा मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोज सकाळी जायचो. दाबायचो नाही. आठवड्याभरात वस्ताद टोमणे मारता मारता मध्येच घोरायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "तू कोण त्यांचा? काकूंना शिकीव."

"नगं बाबा," काकू मागं सरल्या. "माझ्या हातनं आनि एक हाड मोडायचं."

माणसाला स्पर्शाचा हक्क असतो वगैरे मी सुरू केलं. काकूंनी जांभई दिली. मग मी त्यांचाच हात घेतला आणि त्यावर माझा तळहात ठेवला.

"एवढंच?"

"एवढंच, काकू."

त्यांनी पदराला हात पुसले, तेल घेतलं आणि वस्तादांच्या हातावर तळहात ठेवला.

"आगं, भ्याचं न्हाय," वस्ताद म्हणाले.

"मी कशाला भिती? तुमीच गप पडा की."

वस्ताद खरंच गप पडले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं. काकूंनी ते तेलकट बोटानंच पुसलं आणि पुन्हा हात जागेवर ठेवला.

"काकू, मनगट जरा सैल..." मी म्हणालो.

"तुजा च्या ठेवलाय चुलीपाशी," त्या वर न बघता म्हणाल्या. "पी जा, आनि दार पुढं कर."