वृक्ष कर आणि मावशींची पावती

‘झाड दाखवा, कर घ्या!’ ही ओळ माझी. पत्रक छापून आलं तेव्हा छपाईवाल्याच्या दुकानातच मी ती तीनदा मोठ्यांदा वाचली होती.

घरपट्टीवर बहिष्कार घालणाऱ्या आमच्या गटाचं म्हणणं सरळ होतं. सरकार बहुतेक कर आपल्याला न विचारताच घेतं. साबणाच्या वडीत, मोबाइलच्या रिचार्जमध्ये जीएसटी आधीच बसलेला असतो. नोकरदाराचा प्राप्तिकर तर पगार हातात यायच्या आतच कापला जातो. तिथे काय डोंबल अडवणार? पण घरपट्टी आपण स्वतःच्या पायांनी जाऊन भरतो, म्हणजे तेवढी एक आपण रोखू शकतो. आणि तिच्या बिलात काय काय असतं? सामान्य कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर. वृक्ष कर! म्हणून मी लिहिलं, पै-पैचा हिशेब मिळेपर्यंत एकानेही भरू नका. भरेल तो गुलाम. हो, तेही मीच लिहिलं.

घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक बैठी चाळ आहे. तिथे पत्रकं वाटताना मावशी भेटल्या. मराठवाड्यातून आलेल्या, आमच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत दोन घरी स्वयंपाक करतात, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. प्लास्टिकच्या पिशवीत बिल आणि पैसे घालून त्या पालिकेच्या कार्यालयात निघाल्या होत्या.

“पट्टी भरायला चालले, माय. दरसाल बिल आलं की लगेच भरते.”

मी बिल मागून घेतलं आणि बोट ठेवलं. “हा बघा वृक्ष कर. तुमच्या चाळीत एक तरी झाड आहे का?”

“तुळस हाय की.”

शेजारणी हसल्या. मीही हसले. “तुळशीचा कर भरता मावशी?”

“अगं, पण पावती लागती ना.”

“पावतीचं काय लोणचं घालायचंय?”

पुन्हा सगळ्या हसल्या, या वेळी मावशींना. त्या पिशवी घेऊन खोलीत परतल्या. मी वहीत लिहिलं: चाळ, एक कुटुंब, बहिष्कारात सामील.

पावती कशाला लागते, हे मी विचारलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही. आमच्या फ्लॅटचा करारनामा आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, दोन्ही कपाटात. चाळीतल्या खोलीला यातलं काहीच नसतं. तिथे वर्षानुवर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या हेच खोलीचं कागदपत्र. लोक ती कर म्हणून भरतच नाहीत, घर आपलं आहे हे दरवर्षी लिहून घ्यायला भरतात. मावशींच्या खोलीवर अजून नवऱ्याचंच नाव होतं, आणि ते बदलायचा त्यांचा अर्ज पालिकेत पडून होता.

त्या वर्षीची पट्टी त्यांच्या दिराने भरली. भरणा खिडकीवर तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही. मालमत्ता क्रमांक सांगितला की झालं. त्याने व्याजासकट पैसे भरले, पावती घेतली आणि अर्ज दिला: भावामागे खोली मी सांभाळतो, करही मीच भरतो, नाव माझं लावा.

मावशींनी हे मला आमच्या बिल्डिंगच्या गेटवर सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, “बघा, कर थकला की कसे टपून बसतात लोक! आपणही सावध राहायला हवं.”

“आपली एप्रिलमध्येच भरली. ऑनलाइन. लवकर भरली की सवलत मिळते.”

“बाबा, मी बहिष्काराचं पत्रक काढलं होतं!”

“तेच वाचून भरली. म्हटलं, हिच्या नादात राहून जायला नको.”

मला संताप आला नाही. खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते. हे मी गटात कुणालाही सांगितलं नाही. वृक्ष कराचा हिशेब मागायलाच हवा, हे मी आजही म्हणते. पण माझं घर शाबूत ठेवून मी दुसरीचं घर पणाला लावलं होतं.

दिराच्या अर्जावर हरकत नोंदवायला मी मावशींबरोबर पालिकेत गेले. कर का भरला नाही, याचं कारण अर्जात हवं होतं. बाकावर बसून मी लिहिलं, ‘एका पत्रकाच्या सांगण्यावरून’, आणि ते पत्रक माझंच, असं लिहून खाली सही करायचीही तयारी ठेवली. मावशींनी वाचून दाखवायला लावलं.

“खोड हे.”

“पण खरं आहे, मावशी.”

“खरं हाय. सायबाला राग आला तर खोली तुझी जाणार का? आजारी होते म्हणून लिही.”

मी खोडलं. लिपिकाने अर्ज वाचून विचारलं, “काय आजार होता?” मावशींनी माझ्याकडे बघितलं.

“टायफॉइड,” मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. खोली कुणाच्या नावावर लागणार, हे ना त्यांना माहीत, ना मला.

जिन्याशी मावशी थांबल्या. “नव्या वर्षाचं बिल निघालं का, तेवढं विचारून ये. बाकी मला काही सांगत जाऊ नको.”

बिल निघालं होतं. त्या भरणा खिडकीच्या रांगेला लागल्या आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले.