लाल ट्रकचा डावा हात

ईशान, तारा,

हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबालाही नाही. एका माणसाला सांगायला गेले, त्याचं काय झालं ते शेवटी सांगते. क्रमानेच सांगते. तुमच्या आजीच्या कपाटात रुमालसुद्धा रंगाप्रमाणे लावलेले असतात हे तुम्ही पाहिलंयच.

आत्ताच का सांगते? तर गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ताराच्या हातून हेडफोन तुटला आणि ईशान ओरडला, "हिने भाऊआजोबा केला!" तुमचा बाबा हसला. आजोबा हसले. मीही हसले — आणि नंतर समोरचा चहा मला गेला नाही. भाऊआजोबांना तुम्ही दोनदाच भेटला आहात. आणि तिकडे, इतक्या लांब, काही मोडलं की तुम्ही त्यांचं नाव घेता! हे नाव त्यांना कोणी चिकटवलं? चिकटवलं हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कळेल.

भाऊआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. नव्वदच्या दशकात ते मस्कतला फिटर होते. मोठमोठी यंत्रं खोलून पुन्हा जोडायचे. आम्ही सगळे तेव्हा होळीच्या, म्हणजे आपल्या जुन्या गावच्या, घरात राहायचो. पुढे ओटी, मागे केळीची वाडी. भाऊजी सुट्टीवर आले की साबण, अत्तर, बदाम आणायचे आणि जाताना सुकेळ्यांचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे, पुडे घेऊन जायचे. एका सुट्टीत त्यांनी तुमच्या बाबासाठी, म्हणजे समीरसाठी, एक लाल ट्रक आणला. त्याचा रोबोट व्हायचा. ट्रकचं तोंड छातीवर यायचं, मागची चाकं पायात जायची, डोकं आतून वर यायचं आणि हात दारांमागून निघायचे. सगळ्या होळीत असं खेळणं दुसरं नव्हतं.

मग आम्ही त्याचं काय केलं? जे तेव्हा सगळे करायचे तेच. शोकेसमध्ये ठेवलं.

हसू नका. परदेशी वस्तू तेव्हा वापरायची नसे, दाखवायची असे. आमच्या शोकेसमध्ये कधीही न वापरलेला कपबशांचा सेट होता, शिंपल्यांचा मोर होता, वर एक पिवळा बल्ब होता — पाहुणे आले की लावायचा. तिथे तो ट्रक गेला. समीरला तो रविवारी मिळायचा. संध्याकाळी पुन्हा ट्रक करून जागेवर ठेवायचा, कारण रोबोट उभा केला की काच सरकत नसे. हा नियम कोणाचा? माझाच. सोबत आलेला इंग्रजी कागदही मीच समीरला वाचून, मराठी करून सांगितला होता. शाळेत इंग्रजी शिकवत होते ना मी! त्यातलं एक वाक्य तर मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं — "अडलं तर जोर लावू नये."

आता येते मुद्द्यावर. येते हं.

पुढच्या वर्षी भाऊजी पुन्हा सुट्टीवर यायचे होते, त्याच संध्याकाळी. समीर शाळेत. मी रजा काढून घर आवरत होते. बघते तर शोकेसची काच अर्धी उघडी आणि आत रोबोट, पाय फाकून उभा. समीरला शाळेतून येऊ दिलं असतं तर त्याने जिभेचं टोक बाहेर काढून मिनिटात ट्रक केला असता. पण काच उघडी होती. काच उघडी असताना मला दुसरं काही सुचतं का?

मी कागद घेऊन बसले. पाय जमले, डोकं आत गेलं. उजवा हात गेला. डावा अडला. मी विचार केला, मोरळी, आपली घडीची विळी, अडली तर आपण काय करतो? तेल घालतो. मी खोबरेल तेल घातलं. आता हात अडलेला तो अडलेलाच, वर माझी बोटं सटकायला लागली. मग मी तो पदरात धरला आणि — हो, लावला जोर. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज आला.

हात माझ्या पदरात.

मी काय केलं असेल? रडले? कबूल करायचं ठरवलं? छे. मी आधी काच पुसली. मग गोंद आणला. तेलावर गोंद कुठला धरतो! शेवटी सासूबाईंची कुंकवाची पेटी उघडली. त्या पूर्वीच्या बायकांसारख्या कपाळाला आधी मेण लावून वर कुंकू लावायच्या. त्या डबीतलं मेण मी बोटभर काढलं, हात जागेवर बसवला, दाबला. मेणाला कुंकू लागलेलं होतं, पण ट्रकही लालच. बेमालूम बसलं. मला — खोटं कशाला सांगू — थोडा अभिमानच वाटला.

संध्याकाळी भाऊजी आले. ओटीवर शेजारीपाजारी जमले. तुमच्या आजोबांनी हौसेने शोकेसचा बल्ब लावला आणि तो तासभर तसाच जळत राहिला, माझ्या मेणाच्या बरोबर वर. आतून सासूबाई विचारत होत्या, "अगं, माझं मेण कोणी खाल्लं?" मी चहाला आधण ठेवलं.

चहा झाल्यावर भाऊजी म्हणाले, "आण रे सम्या तुझी गाडी. बघा हां आता, हा ट्रक माणूस कसा होतो!" त्यांनी ट्रक हातात घेतला, दार ओढलं, आणि डावा हात अलगद त्यांच्या बोटांत आला.

मग शेजारचे बाबू म्हणाले, "काय रे फिटर! मस्कतला पण असंच करतोस काय?" सगळे खो खो हसले. समीर हसला नाही. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी जोर नाही लावला, वहिनी. शप्पथ."

इथे मी बोलायला हवं होतं. एवढंसं वाक्य होतं. पण मी काय बोलले माहीत आहे?

"असू द्या भाऊजी. लागतो कधी कधी जोर नकळत."

नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक होतं. मी त्यांना माफ केलं! सगळ्यांसमोर, मोठ्या मनाने. शेजारच्या बायकांना माझं कौतुक वाटलं.

त्यानंतर भाऊजी दर सुट्टीत समीरसाठी नवं खेळणं आणायचे. खोका बंदच द्यायचे आणि हात पाठीमागे बांधून लांब बसायचे. वाडीतला पंप ते डोळे मिटून खोलायचे, पण समीरच्या सायकलची चेन उतरली की म्हणायचे, "नको रे, माझा हात जड आहे." पोरं त्यावरून चिडवायची, तेही हसायचे. ईशान, तुला पहिल्यांदा इथे आणलं तेव्हा तू दुपट्यात होतास. सगळ्यांनी तुला घेतलं. भाऊआजोबांनी नाही. तेच म्हणाले, हात जड आहे. सगळे हसले. तेव्हाही मी तिथेच होते.

म्हणून परवा रिक्षा करून होळीला गेले. आता आम्ही स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये आणि भाऊजी त्याच जुन्या घरात. ते केळीची पानं कापत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं — तेल, पदर, मेण, बल्ब. काहीही गाळलं नाही.

भाऊजींनी विळा खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजारी आहे.

"वहिनी, मला बरं वाटावं म्हणून एवढं रचलंत? तुमच्या हातून आणि मोडणार? अहो, तुमच्या घरात आजपर्यंत कपाचा कान तुटला नाही!"

"खरंच सांगते भाऊजी. मेण लावलं होतं मी."

"राहू द्या. तेव्हाही तुम्हीच सांभाळून घेतलंत. मी विसरलो नाही ते." आणि त्यांनी आतून मला सुकेळ्यांचा पुडा आणून दिला, घरी न्यायला.

इतकी वर्षं नीटनेटकी राहून मी एवढंच कमावलं, की मी खरं सांगितलं तरी ते माझ्या चांगुलपणात जमा होतं. तो पुडा घेऊन मी परत आले. रिक्षात मांडीवरच होता.

तेव्हा तुम्हा दोघांना हे नीट कळू दे. तो हात मी मोडला. चिकटवलाही मीच, आणि दुसऱ्याच्या माथी मारलाही मीच.

लाल ट्रक होळीच्या घरात अजून आहे. उजवा हात अजून निघतो, डोकं वर येतं, पायही सरळ होतात. आणि भाऊजी अजून समजतात, डावा त्यांनीच मोडला.

— आजी