लॉकरमधला फोन

"आरं उचल की त्यो फोन! कव्हाचा वाजलालाय! कानात बोळे घातलेस का?"

रूम पार्टनरची आई ओट्यापाशी उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की कुरुळीपासून चाकणपर्यंतचे सगळे भोंगे लाजून बंद पडावेत. गुरुवार होता, कंपनीच्या आठवडी सुट्टीची दुपार, आणि माउली सकाळीच लातूरहून शेंगदाण्याच्या चटणीचं अर्धं पोतं घेऊन उतरली होती. फोन वाजत होता हे खरं. पण तो लॅपटॉपमध्ये वाजत होता.

आम्ही दोघं सहा महिने एक गेम बनवत होतो. मारामारीचा नव्हे, वाचायचा. मागं एक चित्र, पुढं एक माणूस, खाली संवादाची चौकट. क्लिक केलं की पुढचं वाक्य, आणि मधूनच दोन पर्याय: हे करू का ते? निवडाल तशी गोष्ट वळते. माणूस जागचा हलत नाही. नुसती भुवई बदलली, ओठ बदलले, की वाचणारा बाकीचा जीव स्वतःच त्याच्यात घालतो. चित्रं आणि जोडणी पार्टनरची, संवाद माझे. कारण थापा मारण्यात माझा हात धरणारा अख्ख्या एमआयडीसीत नाही. एकदा मी सुपरवायझरला मेलेल्या आजोबांचं लग्न सांगून दोन दिवस रजा काढली होती.

गोष्ट मात्र पार्टनरची होती, आणि तिच्यात थाप नव्हती. तो कंपनीत लाईनवर असताना गावाकडं त्याचा थोरला भाऊ छातीत कळ येऊन गेला. मोबाईल नियमाप्रमाणं लॉकरमध्ये. शिफ्ट सुटल्यावर पाहिलं, तर भावाच्या नंबरवरून एक मिस्ड कॉल. तेवढ्यात चुलत्यानं फोन करून बातमी सांगितली. त्या एका कॉलबद्दल तो घरी कुणाशी बोलला नाही. त्यानं गेम केला.

गेममध्ये लॉकर, आत वाजणारा फोन, त्यावर भावाचा चेहरा. लग्नातल्या फोटोवरून काढलेला, बोलायच्या बेतात असलेला. पर्याय दोन: 'उचल' आणि 'नको'. आता आमच्या लाईनवर पोकायोके असतं, म्हणजे पार्ट उलटा बसूच नये अशी साच्यातच सोय. ह्या पठ्ठ्यानं गोष्टीलाही तेच केलं. 'नको' दिसायचं, पण दाबलं जायचं नाही. उचलेपर्यंत फोन वाजत राहायचा.

आणि उचलल्यावर? चौकट रिकामी. तिथं भावानं काय बोलायचं, ते मी लिहायचं होतं. मी शंभर वेळा लिहिलं, बरं अकरा वेळा. विहिरीवरची मोटार जळाली लिहिलं, माफी लिहिली, दगडाला पाझर फुटेल असा निरोप लिहिला. तो वाचायचा, म्हणायचा, "दादा असा बोलत न्हवता राव," आणि पुसायचा. लाल टॅग. आयुष्यात पहिल्यांदा माझा माल रिजेक्ट होत होता.

पुढं पुढं तर मला लाईनवरच्या एअरगनच्या आवाजातही ती रिंग ऐकू यायला लागली. जेवताना लॅपटॉप उघडा असला, की भाऊ त्या रिकाम्या चौकटीवरून आमच्या ताटात बघतोय असं वाटायचं. मी हळूच पाठ करून बसायचो. पार्टनर समोर बसायचा.

त्या दुपारीही तो माउसवर बोट ठेवून नुसता बसला होता. आई पदराला हात पुसत जवळ आली आणि पडद्यावर थोरल्या पोराचा चेहरा बघून जागीच थांबली. रिंग चालूच.

"ह्ये काय करलालास?" ती एकदम हळू म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. लॉकर, मिस्ड कॉल, सगळं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. शेवटी म्हणाला, "दादा मला काय तरी सांगणार होता, आई. मी उचलला न्हाई. काय म्हणायचं आसंल गं त्याला?"

मी पुढं सरकलो. बारावा मसुदा मला आता हिच्याकडून मिळणार होता.

"त्यो फोन म्या लावला होता," आई म्हणाली. "त्यो गेल्यावर. तुजा लंबर त्याच्याच मोबाईलमधी होता."