दम्यावर भंडारा

नव्वदीतली गोष्ट. दमा जडल्यामुळं मला फौजेत ठेवायचं की घरी पाठवायचं, ते मेडिकल बोर्ड ठरवणार होतं. त्याआधी मी सुट्टीवर शेळगावला आलो. माझी नोकरी टिकावी म्हणून आईनं बिरोबाला नवस केला होता. देवळात वडलांनी माझ्या डोक्यावर मूठभर भंडारा उधळला. हळदीची ती पूड नाकातोंडात गेली आणि मला खोकला सुटला.

"आबा, बास! दमा हाय मला!"

"देवाचा भंडारा हाय, त्यानं काय हुतंय?" म्हणत त्यांनी दुसरी मूठ उधळली.

देवाशी माझं भांडण नव्हतं. दमा म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत गावात येऊन कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा संताप होता. मी पायरीवर धापा टाकत बसलो. आई पुजाऱ्याला सांगत होती, "आता बोर्डात पोरगं पास व्हतंय बघा."