ती रोज विहिरीवर पडायची

वर्ध्याजवळ, नालवाडीकडच्या एका शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. छप्पन-सत्तावन्न साल असेल. मी जेमतेम विशीतली, पण आवाज खणखणीत.

वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. आई वारलेली. बाप रेल्वेच्या गँगमध्ये, पंधरा-पंधरा दिवस लाइनीवर. ती काका-काकूंकडे राहायची. एप्रिलच्या उन्हातही तिचं पोलकं मनगटापर्यंत बाह्यांचं. बाही सरकून वळ दिसला की म्हणायची, "विहिरीवर पडली बाई." आता विहिरीवर पडलं तर गुडघे फुटतात, दंडाची आतली बाजू नाही.

मधल्या सुट्टीत ती जेवणाऱ्या मुलींच्या जवळ उभी राहायची, मागायची मात्र नाही. शाळा सुटली तरी टाटपट्ट्या गुंडाळत रेंगाळायची. एकदा पाढे आले नाहीत म्हणून मी पट्टी घेऊन उठले. मी अजून टेबलापाशीच होते, तोच तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी पट्टी खाली ठेवली. पुन्हा कधी उचलली नाही.

हेडमास्तर म्हणाले, "घरचा मामला आहे बाई. आपण काऊन पडायचं त्यात?"

"दिवसाचे पाच तास ती माझ्यासमोर असते, म्हणून."

त्याच आठवड्यात नर्सबाई देवी टोचायला आल्या. मी सगळ्याच मुलींना दोन्ही बाह्या वर करायला लावल्या, म्हणजे हिलाच तेवढं तपासतोय असं कुणाला वाटू नये. नर्सबाई तिच्यापाशी थांबल्या. नंतर ओट्यावर येऊन हळूच म्हणाल्या, "तापलेल्या चिमट्याचे डाग आहेत. जुने आहेत अन् नवेही." माझी खात्री होतीच. आता साक्षीदारही मिळाला.

तिचा बाप येत्या रविवारी वर्ध्याला येणार, हे तिच्याकडूनच कळलं होतं. मी स्टेशनावर जाऊन त्याला गाठलं. तो उंच, उन्हाने रापलेला माणूस. माझं बोलणं ऐकून चिडलाच.

"माही वहिनी माह्या पोरीले चटके देईन? तुमाले कोनं सांगितलं?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या शाळेत या आणि स्वतः पाहा."

तो आला. लेक धावत गेली. त्याने तिला काखेत धरून उचललं, तशी ती किंचाळली. त्याने तिला खाली ठेवलं, बाही वर केली आणि तिचा दंड हातात धरून तो खालीच बसला.

"मले काऊन नाई सांगितलं, माय?"

"काकू म्हने, सांगशीन तर बाबा येनारच नाईत."

तो घरी भांडायला गेला नाही. तिथूनच तिला सायकलवर बसवून पवनारला तिच्या मावशीकडे घेऊन गेला. पुढे दर पंधरवड्याला तो तिकडेच उतरू लागला.

दिवाळीनंतर मी पवनारला गेले. मावशी दारातच तक्रार घेऊन उभी. "तुमची पोरगी लय बंड झाली बाई! काल माह्या पोराले हाणलं, वर मलेच उलटून बोलून राह्यली."

आतून तिचा मोठ्ठा आवाज आला, "त्यानंच आधी माही पाटी फोडली!"

हाणणं चांगलं नाही, असं मी तिला सांगितलं खरं, पण मला हसू आवरत नव्हतं.