दुसरा स्क्रीन

त्या दिवशी ताईंच्या अंगात भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं. एरवी भांडणात त्या कुणाला हार जात नसत.

यंत्रांची माहितीपुस्तकं तपासण्याचं काम त्या घरी बसून करत. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती ओळीला ओळ लावून बघायची, फरक दिसला की खूण करायची. एकाच स्क्रीनवर दोन्ही पानं उघडून मान आणि डोळे कामातून गेले होते. गेल्या खेपेला दोन ओळी नजरेतून सुटल्या, तेव्हा संपादकांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, "ताई, पुढच्या पुस्तकात एक जरी चूक राहिली, तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." ते पुढचं पुस्तक आज समोर होतं. चाळीस पानं, मुदत संध्याकाळी सहाची.

म्हणून शेजारणीने टाकायला काढलेला मॉनिटर त्यांनी मागून आणला आणि तिथेच फसल्या. कारण घरात नवरोबा होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त होऊन आठ महिने झाले, तरी हात स्वस्थ बसत नव्हते. मिक्सर, गीझर, दाराचं धडधाकट कुलूप, सगळं उघडून झालं होतं. "बाहेरचा माणूस कशाला? मी मेलोय का?" म्हणत ते हत्यारं शोधायला गेले.

लिफ्टवाल्याचा पहिला नियम, झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद. नवरोबांनी तो पाळला. नोकरीतून आणलेली 'काम चालू आहे, हात लावू नये' ही पाटीही स्विचवर लटकवली. आत ताई 'एवढं पान संपवते' म्हणाल्या होत्या, ते मात्र बाहेरच्या खोलीपर्यंत पोचलं नाही. अकरा पानांच्या खुणा एका क्षणात गेल्या.

"अहो, मी काम करत होते!"

"चालू लाइनवर झाकण उघडत नसतात. माणसं गेलीत त्यात."

ताईंना रडू आलं, पण रडायलाही वेळ लागतो, आणि तो नव्हता.

पुढचे दोन तास दुसरा स्क्रीन काळा तो काळाच. नवरोबांनी त्याची तार कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या वरच्या सॉकेटात खोचली होती. ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असलं की ते वरचं सॉकेट मुकं होतं, दोन्ही तारा खाली कार्डालाच लावायच्या असतात. हे ताईंनी मोबाइलवर वाचून सांगितलं. नवरोबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पाच मिनिटांनी, स्वतःलाच सुचल्यासारखी, तार खाली लावली. स्क्रीन उजळला. पण अक्षरं ही एवढाली, पाव पानसुद्धा मावेना. बारीक करायला जावं तर दोन्ही स्क्रीन लुकलुकत.

"कार्ड जुनं आहे गं," नवरोबा म्हणाले. "चार माणसांच्या लिफ्टमध्ये दहा चढवल्यावर ती तरी काय करणार?"

अडीच वाजले होते. ताई थकल्या होत्या. कामाने थकल्या होत्या आणि खरं सांगायचं तर हा माणूस दिवसभर घरात असतो, त्यानेही थकल्या होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "जायचं ते काम जाईल."

नवरोबा उठले नाहीत. नव्या स्क्रीनवरच्या जुन्या आवृत्तीच्या त्या ढोबळ अक्षरांकडे बघत, बिनचष्म्याचे, मोठ्याने वाचू लागले. "प्रकरण एक. पंपाची जोडणी. स्वल्पविरामही वाचायचे?"

ताईंना हसू आलं नाही. पण डोळे आपसूक आपल्या स्क्रीनवरच्या नव्या आवृत्तीकडे गेले. "सगळं वाचा. आकडे दोनदा."

ते वाचत गेले, प्रत्येक ओळीला मजला आल्यासारखे थांबत. चौथ्या प्रकरणात ते म्हणाले, "बोल्ट आठ. आठ." ताईंच्या पानावर सहा होते. ही चूक नक्की सुटली असती, हे त्यांना कळलं. अशा एकोणीस निघाल्या. पावणेसहाला काम पाठवून झालं. अर्ध्या तासाने संपादकांचा निरोप आला, पुढचं पुस्तक उद्या पाठवतो.

नवरोबांचा घसा बसला होता. पाणी पिऊन ते त्या खुर्चीजवळ जरा घुटमळले.

"उद्या किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.

गेले आठ महिने त्यांना दुसऱ्या दिवशी कुठे जायचंच नसे. नको म्हणणं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, अंग तसंच ठणकत होतं.

"नऊला," त्या म्हणाल्या. "उशीर चालणार नाही."

नवरोबांनी आत जाऊन आठचा गजर लावला.